मुळगावचं वळण

मी पडलो तेव्हा वेग जेमतेम ३० होता. आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा पहिल्यांदा तेच विचारतो.

श्रावणातला दिवस. कोल्हापूरहून पहाटे एकटाच बुलेट घेऊन निघालो. आंबोलीच्या धुक्यातून उतरून सावंतवाडी, बांदा करत पत्रादेवी गाठली. तिथं हुतात्मा स्मारक आहे; १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यांचं. दहा मिनिटं म्हणून थांबलो, अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासाचं मला काही वाटत नाही. वाटतं ते पुढच्या थांब्यांचं. पेडण्यात शिरल्यावर महामार्ग सोडला आणि भातखाचरांच्या कडेनं नुसता रेंगाळलो. बांधावरचे बगळे, ओली कौलं, मांडवावर चढलेली दोडकी. दिसेल त्याचा फोटो. जेवायला बसलो तेव्हा तीन वाजले होते. त्यात मासळीची थाळी (श्रावण घरी ठेवून आलो होतो) आणि दोन वाट्या सोलकढी. डोळे मिटायला लागले.

पण नार्वेला उजेडात पोचायचं होतं. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेलं सप्तकोटेश्वराचं देऊळ पाहायचा हट्ट होता. थिवी, अस्नोडा मागे टाकून मुळगावच्या वाटेला लागलो तेव्हा सहा वाजून गेलेले, आभाळ काळवंडलेलं. सोबत कुणी असतं तर म्हणालं असतं, आज डिचोलीत राहू, देव काही पळून जात नाही. एकट्याच्या मागच्या सीटवर फक्त बॅग असते, आणि ती बोलत नाही.

डिचोली हा खाणींचा तालुका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. खाण चालू असो की बंद, माती लालच. धो धो पावसात ती वाहून तरी जाते. भुरभुरीत मात्र डांबरावर तिचा पातळ थर बसतो आणि रस्त्याचा साबण होतो. अशा वळणात, गाडी कललेली असताना, मी पुढचा ब्रेक दाबला. पुढचं चाक निसटलं. जवळजवळ १९० किलोंची गाडी उजव्या पायावर, इंजिन चालू, मागचं चाक फिरतंय आणि सायलेन्सर पोटरीला टेकलेला. मोबाइल टाकीवरच्या बॅगेत, हाताला चार बोटं कमी पडत होती.

शेतातून एक आजोबा धावत आले. "पयलीं गाडी बंद कर रे बाबा!" लाल बटण माझ्या अंगठ्याशीच होतं. मला ते सुचलंच नव्हतं.

म्हणून आता निघण्याआधी ते बटण डोळे मिटून दाबून बघतो. तुम्हीही बघा, हसू आलं तरी. मोबाइल अंगावरच्या खिशात, बॅगेत नाही. ब्रेक लावायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात नुसतं सांभाळून काढायचं. हेल्मेटच्या आत रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेला कागद, प्लास्टिकमध्ये. पण सगळ्यात उपयोगी पडतो तो दुपारी साडेचारचा गजर. तो वाजला की जिथं असेन तिथून जवळच्या गावात खोली बघायची. पुढचं ठिकाण कितीही जवळ असो. पहिले दोन-तीन दिवस त्याचा राग येतो.

आजोबांच्या पडवीत कुणीतरी टूथपेस्ट घेऊन आलं. नको म्हटलं, भाजल्यावर वाहतं पाणी, वीस मिनिटं, दुसरं काही नाही. १०८ ला फोन करू का, असंही विचारून झालं, पण पाय हलत होता. विहिरीचं पाणी तांब्यातांब्यानं ओतत आजोबा माझी चौकशी करत राहिले: कुठून आलास, किती दिवसांसाठी, एकटाच का? शेवटच्या प्रश्नाला मी काहीतरी थातूरमातूर बोललो.

रात्री नऊला घरून फोन आला. जेवलास का, कुठं आहेस? "डिचोलीत," म्हटलं. पायाचं सांगितलं ते थेट कोल्हापुरात गेल्यावर, पँट बदलताना लपवता येईना तेव्हा.