टॉर्चचे अडीच हजार आणि संडासच्या तपासणीचे दीडशे

माझ्या भाचीला दहावा आठवडा चालू होता तेव्हा तिचा रात्री साडेनऊला फोन आला. ‘मावशी, टॉर्चमध्ये टॉक्सो आयजीएम पॉझिटिव्ह आलंय. आई म्हणतेय, आता ठेवायला नको.’ अशा घाबरलेल्या घरांसाठी हे लिहिते आहे. खालचे दर शहरातल्या खासगी लॅबचे आणि ढोबळ आहेत. लॅबगणिक ते बदलतात, म्हणून रक्त देण्याआधी विचारून घ्या.

टॉर्च या रक्ततपासण्यांच्या पॅनेलचे दीड ते साडेतीन हजार होतात. त्यात रुबेला, सीएमव्ही, हर्पिस हे विषाणू असतात. परजीवी एकच, टॉक्सोप्लाझ्मा. तो अर्धवट शिजलेल्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतून, मांजराच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून पोटात जातो. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना धोका असतो, हे खरं. पण सगळं ठीक असलेल्या प्रत्येक गर्भवतीला सरसकट टॉर्च करायची गरज नसते. आधीचा गर्भपात झाला म्हणून किंवा ‘पॅकेजमध्येच आहे’ म्हणून ती लिहिली असेल, तर ‘हिचा निकाल आला की उपचारात काय बदलेल?’ असं डॉक्टरांना जरूर विचारा. सोनोग्राफीत काही संशयास्पद दिसलं किंवा मानेत गाठी येऊन ताप आला, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही फक्त टॉक्सोची आयजीजी-आयजीएम मागता येते. ती हजार-बाराशेच्या आसपास होते.

आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे लागण आत्ताच झाली, असं नाही. हे प्रतिपिंड कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त काळ रक्तात राहतात, आणि चाचणी चुकीचं पॉझिटिव्हही दाखवते. त्या एका ओळीवर गर्भपाताचा निर्णय कधीच घेऊ नका. पुढची पायरी आयजीजी अ‍ॅव्हिडिटीची, म्हणजे प्रतिपिंड किती घट्ट चिकटतात ते बघण्याची, साधारण दीड ते तीन हजारांची. पहिल्या तीन-चार महिन्यांत ती ‘हाय’ आली, तर लागण दिवस राहण्याआधीची धरतात. ‘लो’ आली तरी ती ताजीच असं सिद्ध होत नाही. मग दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घेऊन जुन्या नमुन्याशी ताडून बघतात. म्हणून पहिल्याच दिवशी लॅबला सांगा: सीरम टाकू नका, गोठवून ठेवा. दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी तपासले तरच तुलनेला अर्थ आहे. बाळाभोवतीचं पाणी काढून पीसीआर करायची वेळ अठराव्या आठवड्यानंतर येते, आणि सुईची फी धरून खर्च सहज दहा हजारांच्या पुढे जातो. तिथवर फार थोड्या जणींना जावं लागतं.

दुसरा परजीवी हिवतापाचा. त्याची काचपट्टी खासगीत शंभर ते तीनशे रुपयांत होते, सरकारी केंद्रात फुकट. थंडी वाजून ताप आला की त्याच दिवशी द्या. फॅल्सिपॅरमचे परजीवी वारेत दडून बसतात, त्यामुळे बोटाच्या रक्तात कधी कधी दिसत नाहीत. ताप राहिला तर पट्टी पुन्हा करा. दिवस गेलेत हे आधी सांगा, कारण प्रायमाक्विन गरोदरपणात चालत नाही.

आता दीडशे रुपयांची शौचतपासणी. अंकुशकृमी हा जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा जंत, अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला धरून रक्त पितो. एकेक जंत दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त खातो. पोटात शंभर असले तर दिवसाला तीन ते वीस मिलिलिटर, आणि तेही बाळासाठी रक्त वाढवायच्या दिवसांत. हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल, लोहाच्या गोळ्या घेऊनही चढत नसेल, किंवा मातीचे डोहाळे लागत असतील, तर ही तपासणी मागून घ्या.

नमुना लॅबच्या रुंद तोंडाच्या डबीत, चमचाभर, लघवी-पाणी न मिसळता घ्या आणि तासाभरात पोचवा. रात्रीचा सकाळी नेऊ नका. उबेत अंड्यांतून अळ्या बाहेर येतात. तंत्रज्ञ काचेवर सलाइनच्या थेंबात काडीनं कालवून बघतो. अंडं भिजलेल्या साबुदाण्यासारखं नितळ, आत चार-आठ पेशींचा गुच्छ. एकदा ‘काही नाही’ आलं तरी एक दिवस आड करून तीन नमुने दिले की चुकण्याची शक्यता कमी होते. उपचार अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, पण पहिल्या तीन महिन्यांत नाही आणि मनानं तर नाहीच.

खिशावर भार नको असेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या दिवशी, माता-बाल संरक्षण कार्ड घेऊन सरकारी केंद्रात जा. २०११पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात गर्भवतीच्या आवश्यक तपासण्या आणि औषधं तिथं मोफत आहेत. आशाताईंना आधी विचारलंत, तर कोणत्या केंद्रात काय होतं ते त्या सांगतील.

भाचीची अ‍ॅव्हिडिटी हाय आली. लागण जुनी होती. टॉर्च आणि ही मिळून साडेचार हजार गेले. त्याच फाइलमध्ये मागे हिमोग्लोबिनचा कागद होता: ८.९. शौचतपासणी कुणी लिहूनच दिली नव्हती. ती आम्ही दुसऱ्या दिवशी केली, आणि अंडी दुसऱ्या नमुन्यात सापडली.