चिठ्ठीवरील दोन शब्द

वैद्यकीय शब्द कानी पडताच पुष्कळ शिक्षकांच्या मनात भय उत्पन्न होते, आणि त्या भयापोटी मुलावर अन्याय घडतो. तो माझ्याही हातून घडला आहे. मी नवशिक्षक असताना तिसरीतील एका मुलाच्या वडिलांनी डॉक्टरांची चिठ्ठी आणून दिली. तीवर 'ॲलर्जिक अस्थमा' एवढेच लिहिले होते. रोग इतरांस लागेल या समजुतीने मी त्या मुलास फळ्याखाली निराळे बसविले. फळा पुसला की खडूची भुकटी त्याच्या अंगावर पडे आणि त्याची धाप वाढे. त्या दोन शब्दांचा अर्थ मी विचारला असता तर हे टळले असते.

'अस्थमा' म्हणजे दमा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ धाप लागणे असा आहे. 'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली योजिला. आपल्या बोलीतील 'वावडे' हा शब्द त्यास फार जवळचा आहे. धूळ, परागकण, बुरशी यांसारखे इतरांस निरुपद्रवी असलेले पदार्थ काहींच्या शरीरास शत्रू वाटतात. मग श्वासनलिकांचे अस्तर सुजते, भोवतीचे स्नायू आवळतात, कफ साचतो आणि श्वास सोडताना शिटीसारखा आवाज येतो. खडूची भुकटी अशा नलिकांस अधिकच डिवचते. हा विकार एकापासून दुसऱ्यास लागत नाही.

आणखी तीन शब्द ध्यानी ठेवावेत :

१. ॲक्यूट : एकाएकी उद्भवलेला. 'भयंकर' असा याचा अर्थ नव्हे. साधे पडसेही ॲक्यूट असते.

२. क्रॉनिक : दीर्घकाळ टिकणारा. दमा असा आहे. परंतु नियमित औषधाने तो ताब्यात राहतो.

३. आयटिस : शब्दाच्या शेवटी आल्यास त्या अवयवाचा दाह, जसे टॉन्सिलायटिस.

वर्गात काय करावे? फळा ओल्या फडक्याने पुसावा. मुले बाहेर असताना झाडलोट करावी. धाप लागलेल्या मुलास आडवे करू नये. ताठ बसवून धीर द्यावा व डॉक्टरांनी दिलेले श्वासातून घ्यावयाचे औषध घेऊ द्यावे. आराम न पडल्यास, बोलता येईनासे झाल्यास किंवा ओठ निळसर दिसल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

स्वाध्याय : आपल्या वर्गातील कोणत्या मुलास कशाचे वावडे आहे, हे पालकांस विचारून टिपून ठेवा. चिठ्ठीवरील जो शब्द कळणार नाही, त्याचा अर्थ प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.