उघडा कोबा : कमी खर्चात काय करता येईल?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत अनेक लहान दुकाने, शिवणकामाच्या खोल्या, सुतारांचे व वेल्डिंगचे गाळे यांची जमीन म्हणजे साधा सिमेंटचा कोबा असतो. बांधकामात पैसे संपत आले की फरशीचे काम ‘पुढे पाहू’ म्हणून राहते आणि तोच कोबा वीस वीस वर्षे चालतो. मग त्याला भुकटी सुटू लागते, कापडाच्या ठाणांवर पांढरी धूळ बसते, तांदळाच्या पोत्यांचे तळ ओलावतात. शेवटी एके दिवशी बाजारातून रंगीत प्लास्टिकचे कार्पेट आणून अंथरले जाते. त्या दिवशी जमीन छान दिसते. पण आमच्या मते पैसे वाया जाण्याची सुरुवात येथूनच होते, कारण कोब्याचा खरा आजार कोणता, हे कोणी पाहिलेलेच नसते.

पहिला प्रश्न ओलीचा. आपल्या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि चार महिने जोत्याखालची माती पाण्याने भरलेली असते. ज्या कोब्याखाली प्लास्टिक घातलेले नाही, त्यातून ही ओल हळूहळू वर चढते. ती आहे की नाही, हे कळण्यासाठी दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात. २४ तासांनी पाहावे. प्लास्टिकच्या खालच्या बाजूस थेंब धरले असतील, किंवा खालचा कोबा काळपट झाला असेल, तर ओल जमिनीतून येते आहे. वरच्या बाजूस दव आणि खाली कोरडे असेल, तर ती हवेतली वाफ थंड जमिनीवर जमते आहे. जूनमध्ये जमिनीला ‘घाम’ येतो तो हाच, त्यावर दारे-खिडक्यांतून वारा खेळविणे एवढाच उपाय पुरतो.

ही चाचणी मे महिन्यात करू नये. मे महिन्यात आपल्याकडचा कोणताही कोबा कोरडाच दिसेल. बहुतेक मंडळी पावसाळ्यापूर्वी घाईघाईने काम काढतात, जमीन कोरडी पाहून तिच्यावर रंग किंवा कार्पेट चढवितात आणि श्रावणात ते फुगून सुटते. चाचणी भर पावसात करावी आणि काम दिवाळीनंतर थंडीत काढावे. त्या दिवसांत जुना कोबा सुकलेला असतो आणि नवे सिमेंट उन्हाने लवकर तडकतही नाही.

ओल खालून येत असेल तर वरून काहीही लावून ती थांबत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. अगोदर बाहेर पाहावे. पागोळ्यांचे पाणी जोत्यालाच लागून मुरते का? मागच्या बाजूची माती जमिनीच्या पातळीपर्यंत चढली आहे का? ती उकरून खाली करणे आणि पागोळीखाली उताराची पन्हळ काढणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो आणि खर्च मजुरीचाच असतो. तेवढ्याने न भागल्यास आणि दाराची उंची परवानगी देत असल्यास, जुन्या कोब्यावर १००० गेजचे प्लास्टिक अंथरून वर ३ इंच नवे काँक्रीट टाकावे. प्लास्टिकवर टाकलेला थर जुन्या कोब्याला धरत नाही, म्हणून तो ३ इंचांपेक्षा पातळ नको. नवी खोली बांधणाऱ्याने मात्र हे प्लास्टिक पहिल्याच दिवशी घालावे. पुढच्या सर्व उपायांत इतके स्वस्त दुसरे काही नाही.

ओल नाही, पण भुकटी सुटते, अशा कोब्याचा उपाय वेगळा. खिळ्याने कोब्यावर ओरखडा काढावा. फक्त रेघ उमटली, तर वरचा थर टिकाऊ आहे. त्यावर सोडियम सिलिकेटचे द्रावण लावावे. साबण बनविण्याच्या कच्च्या मालात हे विकले जाते. १ भाग सिलिकेटमध्ये ४ भाग पाणी मिसळून स्वच्छ धुऊन पूर्ण सुकलेल्या कोब्यावर ब्रशने पसरावे, दुसऱ्या दिवशी पाण्याने धुवावे आणि सुकल्यावर पुन्हा लावावे. असे तीन हात द्यावेत. कोब्यातील मोकळ्या चुन्याशी याची क्रिया होऊन बारीक छिद्रे भरतात आणि भुकटी बसते. द्रावण कातडीला व डोळ्यांना झोंबते, तेव्हा हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावे. तेल सांडलेल्या गॅरेजच्या जमिनीत ते मुरत नाही. पुढे टाइल्स बसवायच्या असतील तर लावू नये, चिकटण्यास अडथळा होतो.

खिळा खोल रुतला आणि रेती मोकळी झाली, किंवा हातोडी ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर वरचा थर काढूनच टाकला पाहिजे. येथे खरी कसोटी गवंड्याची. जुन्या कोब्याला सर्वत्र टाचे मारावेत, धुवावे, रात्रभर भिजू द्यावे, सकाळी साठलेले पाणी पुसावे. मग निव्वळ सिमेंटची पातळ लापशी झाडूने घासून लावावी आणि ती ओली असतानाच नवा १ इंचाचा थर टाकावा. सिमेंट, रेती आणि बारीक कच यांचे प्रमाण १:१:२. १० फूट गुणिले १२ फूट खोलीला सुमारे सव्वातीन पोती सिमेंट, ४ घनफूट रेती व ८ घनफूट कच लागतो. लापशी आणि घोटाई धरून सिमेंटची सव्वाचार पोती हिशेबात घ्यावीत. ३ ते ४ फुटांचे चौकोन पाडून मध्ये काचेच्या पट्ट्या बसविल्यास तडे वाटेल तेथे जात नाहीत. जुन्या कोब्याला मोठी चीर असेल, तर पट्टी नेमकी तिच्यावर आणावी. नाही तर ती चीर नव्या थरातून वर येईल.

रेतीबद्दल थोडे. खाडीची रेती स्वस्त मिळते, पण तिच्यात मीठ असते. मीठ हवेतली ओल ओढते आणि जमिनीवर पांढरा लोणा फुटतो. अशी रेती गोड्या पाण्याने चांगली धुतल्याशिवाय घरात आणू नये. दुसरी वाईट सवय कोरड्या सिमेंटची. थर टाकल्यावर पाणी वर येते, आणि घाई असलेला कारागीर ते शोषून घेण्यासाठी कोरडे सिमेंट भुरभुरतो. लगेच चकचकीत दिसते खरे, पण पुढे त्याचीच भुकटी होते आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. पाणी आपोआप जिरू द्यावे, अंगठा जेमतेम उमटेल इतका थर घट्ट झाला की गुरमाळ्याने घोटावे. दुसऱ्या दिवसापासून वाळूचे छोटे बांध घालून ७ दिवस पाणी साठवावे. या सात दिवसांचे भाडे बुडते, म्हणून दुकानदार तिसऱ्याच दिवशी माल लावतो. मग दोष गवंड्याच्या माथी येतो. कारागीर बंधूंनी ही अट कामाआधीच बोलून घ्यावी.

ज्यांना रंग हवा, त्यांनी शेवटच्या घोटाईत लाल ऑक्साइड वापरावा. जुन्या घरांतील लाल कोबा आपण पाहिलेला असेल. वापराने तो अधिक तुळतुळीत होतो. २५ किलो सिमेंटला दीड ते दोन किलो ऑक्साइड पुरे; जास्त घातल्याने रंग गडद होत नाही, थर मात्र कच्चा होतो. पूर्ण खोलीचे मिश्रण एकदाच, कोरडेच चाळून करावे, नाही तर प्रत्येक घमेल्याची छटा निराळी येते. पाणी देताना वर ओली पोती घालू नयेत, डाग पडतात. पूर्ण सुकल्यावर मेण चोळावे. मात्र वजूच्या जागी, मोरीत व पायरीवर गुळगुळीत घोटाई नको. तेथे झाडूच्या रेघा ओढून खरबरीत ठेवावे, किंवा टाइलच्या दुकानातले फुटके तुकडे स्वस्तात आणून बसवावेत.

ऑइल पेंट कोब्यावर टिकत नाही. सिमेंटमधील क्षार त्याचा अक्षरशः साबण करतात. एपॉक्सी चांगला, पण महाग, आणि ओल येणाऱ्या कोब्यावरून तोही पापुद्र्यासारखा निघतो. शहाबादी फरशी दिसायला साधी असली तरी गोदामासाठी आम्ही तिचीच शिफारस करू. फुटली तर एकच फरशी बदलता येते. ती चुनखडीच्या जातीची असल्यामुळे तिच्यावर चिंच, लिंबू, व्हिनेगर सांडू देऊ नये.

महाडच्या बाजारपेठेतील व्यापाऱ्यांनी आणखी एक हिशेब ठेवावा. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरच्या डोंगरावरील पाऊस घेऊन सावित्री आली आणि शहर पाण्याखाली गेले. पुराला कोणतीही जमीन अडवीत नाही. पण पाणी ओसरल्यावर दुकान किती दिवसांत उघडते, हे पुष्कळसे जमिनीवर असते. कार्पेट किंवा प्लायवूडखाली गाळ अडकतो, कुजतो, आणि सर्व उचकटून फेकावे लागते. घोटलेला कोबा किंवा फरशी फावड्याने ओढून, पाण्याने धुऊन मोकळी होते. त्यासाठी जमिनीला दाराकडे थोडासा उतार आधीच ठेवलेला हवा. १० फुटांना १ इंच पुरे.

गाळ ओला असतानाच काढावा, सुकला की तो छिन्नीनेच निघतो. धुतल्यावर ब्लिचिंग पावडरचे पाणी फिरवावे, आणि टाइल धुण्याचे ॲसिड त्या दिवशी दुकानात आणूच नये. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, शिवाय ॲसिड सिमेंट खाते. पोती परत लावण्यापूर्वी प्लास्टिकच्या तुकड्याची चाचणी पुन्हा एकदा करावी, आणि पहिला पावसाळा संपेपर्यंत माल लाकडी फळ्यांवरच ठेवावा.