लहान मुलांचे कपडे घरी शिवताना



या पानावर आम्ही आजवर बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांबद्दल लिहीत आलो. यावेळी झबल्या-टोपड्यांवर लिहितो आहोत, म्हणून कोणी हसू नये. ऊस नोंदीच्या, प्लॉट पाहणीच्या निमित्ताने आम्ही तुमच्या घरी येतो. कितीतरी घरांत सोप्यात पायमशीन असते, पण तिच्यावर धान्याचं पोतं नाहीतर टीव्ही मांडलेला असतो. आणि दिवाळीच्या तोंडावर उसाचा हप्ता हाती आला, की पोरांना बाजारातून फुगीर, चकचकीत, झालरीचे कपडे येतात. हौस जरूर करावी. पण तेच कपडे अंगात घालून पोर चुलीपाशी बसते, फुलबाजी हातात धरते, तेव्हा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

घरी शिवल्याने चार पैसे वाचतात हे खरेच. पण मोठा फायदा वेगळा आहे. कापड कोणते, शिवण कुठे, बंद कुठे, हे सगळे आपल्या हातात राहते. म्हणून हा धडा.

जुनी माणसे काय करीत

लेकीचे बाळंतपण झाले की माहेरून बाळंतविडा येतो. त्यात झबली, टोपडी, दुपटी, लंगोट, कुंची असते. आपल्या आज्या तान्ह्या बाळाची झबली जुन्या धोतराची नाहीतर विरलेल्या लुगड्याची करीत. त्यात गरिबी होती तसा विचारही होता. शंभर वेळा धुतलेल्या सुती कापडात खळ उरत नाही, ते टोचत नाही आणि घाम टिपून घेते. कुंचीने डोके, कान आणि पाठ एकाच कापडात झाकली जाते. आजही तान्ह्या मुलाला याहून चांगले कापड नाही. मात्र ते स्वच्छ धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्यावे.

कापडाची निवड

उन्हाळ्यात मलमल किंवा वायल, एरवी मऊ पॉपलीन घ्यावे. सुती कापडासाठी फार लांब जायला नको. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली सुरू झाला, तेव्हापासून आपल्या भागात कापडाची वाण नाही. थंडीत फलालीन ऊबदार खरे, पण त्यावरची लव पटकन पेट घेते. म्हणून फलालीन घातलेले मूल शेकोटीजवळ नेऊ नये.

दुकानदार सुती म्हणाला तरी पारख करून घ्यावी. कापडाच्या कडेचा एक धागा काढावा, घराबाहेर चिमट्यात धरून पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. नायलॉन, पॉलिएस्टरचा धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी धरतो. तो मणी लेकराच्या कातडीला चिकटला तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या खात्याशी संबंधित एक गोष्ट इथेच सांगतो. खताची, औषधाची किंवा औषध लावलेल्या बियाण्याची पिशवी कितीही पांढरी, टिकाऊ दिसली तरी तिचे दुपटे, झोळी, उशी काही करू नये. दहा वेळा धुतली तरी नाही. फवारणीचे जुने सदरे फाडून लंगोट करू नयेत. फवारणीचे कपडे आणि मुलांचे कपडे एका बादलीत भिजवू नयेत. मुलाची कातडी पातळ असते आणि कापडाचे टोक ते सारखे तोंडात घालते.

बेतणे

लागणीत सरीचे अंतर चुकले तर ते पुढे वर्षभर निस्तरावे लागते. शिवणकामात बेतणे तसेच आहे. कात्री लावण्याआधी नवे कापड रात्रभर पाण्यात भिजवावे, सावलीत वाळवावे, थोडे ओलसर असतानाच इस्त्री करावी. आटायचे ते तेव्हाच आटते. हे न करता शिवलेले झबले दुसऱ्या धुण्यात आखूड झालेच म्हणून समजा. झबल्याची उंची नेहमी कापडाच्या उभ्या धाग्यावर घ्यावी.

सहा महिन्यांच्या मुलाच्या झबल्याचे माप देतो. ३६ इंच पन्ह्याच्या एक मीटर सुती कापडात अशी दोन झबली होतात.

१) एका झबल्याला १७ इंच रुंद, ३१ इंच लांब तुकडा घ्यावा. आधी लांबीत दुमडावा, ही वरची घडी म्हणजे खांदा. मग रुंदीत दुमडावा. चौपदरी तुकडा साडेआठ इंच रुंद, साडेपंधरा इंच उंच होईल.

२) दोन्ही घड्या मिळतात तो कोपरा गळ्याचा. तिथून खांद्यावर २ इंच आणि खाली पाऊण इंच खूण करून गोलाई कापावी. मग फक्त पुढच्या पदराची गोलाई २ इंच खोल करावी.

३) खांद्याच्या बाहेरच्या टोकापासून खाली ४ इंचांवर बाहीची खूण करावी. मधल्या घडीपासून ६ इंच आत, खांद्यापासून साडेचार इंच खाली बगलेची खूण करावी. दोन्ही खुणा जोडून बगलेला गोलाई द्यावी. तिथून खाली घेरापर्यंत तिरपी रेघ मारावी. घेर चौपदरीत साडेसात इंच ठेवावा.

४) पुढचा पदर मधोमध वरपासून खालपर्यंत उघडावा. मुलाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते. सहा महिन्यांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण १७ इंच भरतो. बंद गळ्यातून ते ओढून काढताना मूल रडते आणि आई घामाघूम होते. पुढून उघडे झबले असले की हा तंटाच नको.

आधी ही आखणी कागदावर करून पाहावी, कात्री नंतर चालवावी.

शिलाई

बाजूची शिवण दुहेरी घालावी. आधी कापड सुलट्या बाजूने जोडून कडेला बारीक टीप मारावी, मग उलटून दुसरी टीप मारावी, म्हणजे धागे आत बंद होतात. बगलेच्या गोलाईत पहिल्या टिपेनंतर कडेला बारीक चिरा द्याव्यात, नाहीतर तिथे कापड ओढते आणि पहिल्यांदा तिथेच उसवते. तान्ह्या बाळाचे झबले असेल तर शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली तरी चालते. कोणी नाव ठेवील, पण बाळाला टोचणार नाही. मशीन नसेल तर बारीक उलटी टीप हाताने घालावी, तीही पक्की बसते.

गळ्याला आणि पुढच्या उघड्या कडांना उरलेल्या कापडाची पट्टी लावावी. बंद छातीवर आणि पोटावर लावावेत, चार-पाच बोटे लांबीचे, दोन्ही टोकांना पक्के शिवलेले. गळ्याशी नाडी नको. ती पाळण्याला, खुंटीला, दाराच्या कडीला अडकते. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला बटण, मणी, टिकली, घुंगरू लावू नये. निघाले की ते तोंडात आणि तिथून घशात जाते. पायमोजा, हातमोजा किंवा बाहीच्या आत सुटा धागा राहिला तर तो बोटाला गुंडाळून घट्ट बसतो आणि बोट सुजते. शिवून झाले की कपडा उलटा करून प्रत्येक दोरा कापावा. चड्डीचे इलॅस्टिक दोन बोटे सहज शिरतील इतके सैल असावे. कमरेवर वळ उठला तर ते आवळ आहे.

वाढीची तरतूद

जन्मताना साधारण ५० सेंटिमीटर असलेले मूल वर्षाचे होईतो सुमारे ७५ सेंटिमीटर होते आणि वजन जवळजवळ तिप्पट होते. म्हणून एकाच मापाची डझनभर झबली शिवून ठेवू नयेत. खालची दुमड दीड इंच ठेवावी, मूल वाढले की उसवून एक इंच सोडता येते. मुलीच्या परकराला वरच्या बाजूला दोन आडव्या दुमडी घालून ठेवल्या की दोन वर्षे परकर पुरतो. पण पोरगं वाढतंय म्हणून चालत्या मुलाला पायात येईल असा घोळदार कपडा घालू नये. चुलीजवळ वावरणाऱ्या मुलाच्या बाह्या लोंबत्या नकोत आणि घेर मर्यादेत असावा.

इतके करूनही कपडा पेटलाच, तर मुलाला पळू देऊ नये. आडवे पाडून घोंगड्यात किंवा जाड सुती चादरीत गुंडाळावे, पाणी ओतावे. मग भाजलेल्या जागेवर स्वच्छ गार पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ, तेल, टूथपेस्ट काही लावू नये. चिकटलेले कापड ओढू नये. ओल्या स्वच्छ कापडाने झाकून तडक दवाखाना गाठावा.

वेळ कोणी काढायचा

आमच्या भगिनी म्हणतील, साहेब, हे सगळे खरे, पण वेळ कुठला? प्रश्न रास्त आहे. दिवसभर भांगलण करून, धारा काढून, भाकऱ्या थापून बसलेल्या बाईच्या माथी रात्री आणखी मशीन मारू नये. काम वाटून घ्यावे आणि तुकड्यांनी करावे. आज कापड भिजवले, उद्या आखून कापले, परवा बाजूच्या टिपा, तेरवा गळा, शेवटी घेर आणि बंद. अर्ध्या तासाच्या पाच बैठकांत झबले होते. थेंबे थेंबे तळे साचे, ते इथेही खरे आहे. कापलेले तुकडे, दोरा, कात्री झाकणाच्या एकाच डब्यात ठेवावीत, म्हणजे रोज शोधाशोध नको.

आजीला बेतणे येते पण डोळ्याला सुई दिसत नाही. नातवाने दोरा ओवून द्यावा आणि बेतणे शिकून घ्यावे. मोटारीला ग्रीस भरणाऱ्या हातांनी मशीनला दोन थेंब तेल घालायला काय हरकत आहे? आणि बांधवांनो, शिवणकाम बायकांचे असे म्हणू नका. गावचा शिंपी पुरुषच होता, आणि संत नामदेव महाराजही शिंप्याच्याच घरचे.

बसण्यापूर्वी सुया मोजाव्यात आणि उठताना पुन्हा मोजाव्यात. मशीनवरून उठताना चाकाचा पट्टा उतरवून ठेवावा. रांगते पोर पायट्याशी खेळत असते आणि चाक फिरले की बोट सापडते.

शेवटी एक विनंती

गाळप सुरू झाले की तोडणीच्या टोळ्या येतात. आपल्या फडाच्या बांधावर त्यांच्या कोप्या पडतात, ऐन थंडीत. आई-बाप कोयता घेऊन पहाटेच फडात जातात आणि तान्हे पोर पाचटावर निजलेले असते. पाचटाची पाती कापते, तिची कूस अंगाला खाजते. अशा पोराला पूर्ण बाह्यांचे एक सुती झबले आणि कान झाकणारे एक टोपडे फार उपयोगी पडते. आपला ऊस वेळेवर तुटावा म्हणून आपण मुकादमाच्या मागे लागतो. त्याबरोबर टोळीत लहान मुले किती, हेही त्याला विचारावे. पावसाची झड लागली की शेतातली कामे थांबतात. त्या दिवसांत प्रत्येक सभासदाच्या घरी आपल्या पोरांच्या कपड्यांबरोबर अशी दोन झबली जादा शिवून ठेवावीत आणि टोळी फडात आली की द्यावीत. एक मीटर कापडात दोन होतात, हे वर सांगितलेच आहे. बाहीला मात्र उरलेल्या कापडाचा जोड द्यावा, म्हणजे ती मनगटापर्यंत पोचते.

हा अंक वाचून झाला की रद्दीत टाकू नये. दोन पाने जोडून त्यावरच झबल्याची आखणी करावी.