घरात गोष्ट कशी सांगावी?

धर्मांतर केलेल्या घरातून पोथ्या आणि व्रतकथा जातात, हे योग्यच होय. परंतु त्यांच्या जागी दुसरे काही आले नाही, तर मुलांची गोष्टीची भूक शेजारच्या ओट्यावर भागवली जाते. आपण मुलांना उपदेश पुष्कळ करतो, गोष्ट मात्र फार थोडी सांगतो. "बाबासाहेबांनी किती कष्ट केले, तूही शीक," हे वाक्य आपल्या घरात रोजचे आहे. मुलगा मान डोलावतो आणि खेळायला पळतो. त्याचा दोष काय? त्या वाक्यात डोळ्यांपुढे उभे राहील असे काहीच नसते.

स्वतः बाबासाहेब कसे सांगत ते पाहावे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांच्या आठवणींचे लहानसे लेखन १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. परक्या देशातील माणसाला अस्पृश्यता समजावून देण्याचे दोन मार्ग त्यांनी सुरुवातीलाच मांडले आहेत. एक सर्वसाधारण वर्णनाचा, दुसरा घडलेले प्रसंग सांगण्याचा. त्यांनी दुसरा पत्करला, कारण तो अधिक परिणामकारक वाटला. एवढा मोठा कायदेपंडित, पण येथे युक्तिवाद बाजूला ठेवतो!

त्यातला पहिला प्रसंग १९०१ च्या सुमाराचा आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीस होते. साताऱ्याहून मुले त्यांच्याकडे निघाली. नवे सदरे, झगमगीत टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्टेशनावर उतरली तर न्यायला कोणी नाही. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो आणि मुलांची जात कळताच त्याचा चेहरा बदलतो. शेवटी दुप्पट भाड्यावर एक गाडीवाला तयार होतो, तोही अशा अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो पायी चालणार. रात्री शिदोरी भरलेली आहे, पण प्यायला पाणी नाही. मुले भुकेलीच झोपतात.

यात टोप्या आधी येतात आणि अपमान मागून, हे लक्षात घ्यावे. मुलांचा आनंद आपण पाहिलेला असतो म्हणूनच पुढचे मनाला लागते. शिदोरी आहे आणि पाणी नाही, एवढे सांगितल्यावर अस्पृश्यतेची व्याख्या वेगळी द्यावी लागत नाही. कचेरीत एखादा सहकारी "आता कुठे राहिला जातिभेद?" असे विचारतो, तेव्हाही वाद घालण्यापेक्षा आपल्या घरातला एकच प्रसंग, गावाच्या नावासह आणि आवाज न चढवता, सांगून पाहावा.

तथागतांची रीतही अशीच दिसते. मेलेले मूल कडेवर घेऊन आलेल्या किसा गोतमीला त्यांनी प्रवचन दिले नाही. ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, एवढेच सांगितले. ही गोष्ट सांगताना आपण घाई करतो. "मृत्यू अटळ आहे, यावर एक गोष्ट ऐका," अशी सुरुवात केली की गोष्ट तिथेच संपली. त्यापेक्षा तिला दारोदार जाऊ द्यावे. मोहरी तर प्रत्येक घरात मिळते! बाई मूठभर मोहरी घेऊन बाहेर येते, मग गोतमी तो प्रश्न विचारते, आणि बाईचा हात थांबतो. दोन-तीन दारे झाली की पुढच्या दाराचे उत्तर मूल आपणहून सांगते. तेथे आपण गप्प बसावे.

मात्र गोष्ट रंगवायची म्हणून चमत्कार घालू नयेत. एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने तोवर म्हातारा, आजारी किंवा मृत माणूस पाहिलाच नव्हता, हे बाबासाहेबांना पटले नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत पेटलेला तंटा येतो. पाण्याचे भांडण आपल्या मुलांना सहज कळते. मुलाने मध्येच "हे खरंच झालं का?" असे विचारले तर त्याला दटावू नये.

आणि ज्या घरात १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला गेलेली आजी अजून असेल, त्या घराने आजच तिच्याजवळ बसावे. "धर्म का बदलला?" असे विचारू नये. आजी, घरून कशानं निघालात, भाकरी कोणी बांधून दिली, पांढरं लुगडं कुठून आणलं, रात्री कुठं निजलात, असे विचारावे.