काळ्या पट्ट्या राहू द्या

लग्नाची जुनी डीव्हीडी पेनड्राइव्हवर घेताना चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, तर त्या राहू द्या. त्या घालवायच्या नादात आमच्या गंगाखेडच्या लग्नाचं काय झालं ते सांगतो.

धाकट्या बहिणीच्या लग्नाचं शूटिंग मिनी-डीव्ही कॅसेटवरचं, मग डीव्हीडीवर आलेलं. गेल्या उन्हाळ्यात परभणीतल्या एका दुकानात ती डिस्क दिली. फाइल टीव्हीला लावली, तर किडकिडीत भाऊजी पैलवान झालेले आणि आईचा उभट चेहरा पसरट. भाचे हसून लोळले. आईचं चालतंबोलतं चित्रण एवढं एकच आहे, त्यामुळे मला काही हसू आलं नाही.

दुकानात गेलो. पोरगा सरळ होता. म्हणाला, "काका, बाजूला काळं राहिलं की गिऱ्हाईक फाइल परत आणतंय. टीव्ही भरून दिसायला पाहिजे म्हणतंय." म्हणून तो सगळ्याच डिस्का 1920×1080 मध्ये ताणून देत होता. दोष त्याच्या एकट्याचा नाही. मोठा टीव्ही घेतला की त्याचा कोपरान् कोपरा भरावा असं आपल्यालाच वाटतं.

आता यातली मेख. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत चित्र सहसा 720×576 ठिपक्यांचं असतं, मग ते जुन्या 4:3 टीव्हीसाठी असो की रुंद 16:9 साठी. ठिपके तेवढेच, पण ते चौरस नसतात. चित्र किती रुंद दाखवायचं याची खूण डिस्कवर वेगळी नोंदलेली असते. डीव्हीडी प्लेअर ती खूण पाळतो. फाइल बनवताना ती हरवली किंवा डावलली की माणसं बिघडतात. 4:3 चं चित्र 16:9 मध्ये ताणलं तर माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. उलट 16:9 ची डिस्क नुसती 720×576 अशीच ठेवली तर तो जवळपास तीस टक्के बारीक होतो. ताणायचं नाही म्हणून कुणी झूम करून देतात, त्यात उंचीतला चौथा हिस्सा कापला जातो. वर नवरदेवाचा फेटा गेला, खाली पाय गेले.

बरोबर आकडे असे: 4:3 साठी 768×576 किंवा 720×540, आणि 16:9 साठी 1024×576. फुल एचडीच हवं असेल तर 4:3 चं चित्र 1440×1080 चं होतं आणि दोन्ही बाजूंना 240 ठिपक्यांची काळी पट्टी उरते. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली डिस्क बहुधा 720×480 ची निघेल. तिथे 640×480 किंवा 854×480 धरा.

घरी करायचं तर हँडब्रेक हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यातला 'अ‍ॅनामॉर्फिक' पर्याय आपोआपवर असला की ते फाइलमध्ये पुन्हा तशीच खूण ठेवतं. संगणकावर चित्र ठीक दिसतं, पण काही टीव्ही पेनड्राइव्हवरच्या फाइलची खूण वाचतच नाहीत. म्हणून तो पर्याय बंद करून चौरस ठिपक्यांची फाइल काढलेली बरी. 'डीइंटरलेस' मात्र चालू ठेवा, नाहीतर वरातीत नाचणाऱ्यांच्या कडांना कंगव्यासारखे दाते येतात. ताणलेलं चित्र नंतर दाबून सरळ करता येतं, पण दात्यांसकट मोठं केलेलं चित्र नीट होणं फार अवघड.

फाइल बाकी चांगली असेल, फक्त आकार बिघडला असेल आणि तुमचा टीव्ही खूण वाचत असेल, तर फाइल पुन्हा बनवायचीही गरज नाही. एफएफएमपेग किंवा एमकेव्हीटूलनिक्समध्ये नुसती खूण बदलता येते. चित्राला धक्का लागत नाही.

खूण नेहमी खरी असतेच असंही नाही. एडिटिंग करणाऱ्यानेच त्या काळी 4:3 च्या शूटिंगला 16:9 चा शिक्का मारलेला असला, तर सॉफ्टवेअर बिचारं फसणारच. तेव्हा डोळ्यांवर भरवसा ठेवा. चित्रणात कुठेतरी समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा: मंगल कार्यालयाच्या भिंतीवरचं घड्याळ, सजवलेल्या जीपचं चाक. ते गोल दिसलं की माणसंही बरोबर आहेत. मात्र आधी टीव्हीचा रिमोट घेऊन 'वाइड' किंवा 'झूम' चालू नाही ना ते बघा. पुष्कळदा फाइल निर्दोष असते आणि टीव्हीच ताणत असतो.

दुकानात देणार असाल तर आधी 'व्हिडिओ टीएस' हे अख्खं फोल्डर घरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. साध्या डिस्कवर ते फार तर 4.7 जीबी भरतं. घरगुती डिस्कचा रंगथर उन्हाने आणि उष्म्याने खराब होतो, आणि परभणीचा मे महिना तुम्हाला ठाऊकच आहे. मग दुकानदाराला सांगा की पट्ट्या चालतील, ताणू नका आणि कापू नका. चाक किंवा घड्याळ दिसतं तेवढा तुकडा आधी काढून दाखवायला लावा, आणि तो बघितल्यावरच बाकीच्या डिस्का त्याच्या हातात द्या.