पत्ता बदलला, वाट राहू द्या

महूचे नाव २००३ साली डॉ. आंबेडकर नगर झाले. तरी ‘महू’ विचारणारा प्रवासी तेथेच पोहोचतो. संकेतस्थळाची पुनर्रचना करताना ही सोय आपोआप होत नाही. पानाचा पत्ता बदलला, की बागच्या परिसरात सिकलसेलविषयी माहिती शोधणाऱ्या मातेला केवळ ‘४०४’ दिसते; शोधयंत्रातील त्या पानाचे स्थानही घसरते.

उपाय सोपा आहे. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ‘३०१’ हे कायमस्वरूपी पुनर्निर्देशन द्यावे. ‘३०२’ तात्पुरते असते. सर्वांना सरसकट मुखपृष्ठाकडे वळवणे म्हणजे रुग्णाला विभाग न सांगता रुग्णालयाच्या दारात सोडणे होय. ही व्यवस्था किमान १ वर्ष ठेवावी, असे गूगल सुचवते. आपण ती कायमच ठेवावी. रुग्णाने जपलेल्या कागदावर जुनाच पत्ता असतो.